बाळंतपण अवघड गेलं म्हणून स्किझोफ्रेनिया होतो का?

सायली_म:
नमस्कार, भावाला (वय २४) गेल्या वर्षी स्किझोफ्रेनियाचं निदान झालंय. गोळ्या चालू आहेत, आवाज ऐकू येणं बरंच कमी झालंय. एमआरआयमध्ये व्हेंट्रिकल्स (मेंदूतल्या पाण्याच्या पोकळ्या) किंचित मोठे असं लिहून आलं आणि तेव्हापासून आईने एकच धरलंय, की हा झाला तेव्हा कळा फार वेळ चालल्या, नाळेचा वेढा होता, लगेच रडला नाही, काचेच्या पेटीत ठेवावं लागलं, मी सिझरला नको म्हटलं म्हणून पोराचं असं झालं. जेवतानाही तेच. खरंच असं असतं का?

गप्पिष्ट:
माझ्या चुलतभावालाही आहे, त्याची डिलिव्हरी एकदम नॉर्मल. मला तरी यात तथ्य वाटत नाही.

मेंदूवाला:
तथ्य आहे, पण काकू समजतात तेवढं नाही. (सायकियाट्रीत एमडी करतोय.) १९९० मध्ये अमेरिकेत एकसारख्या जुळ्यांच्या १५ जोड्यांचे एमआरआय काढले, प्रत्येक जोडीत एकाला आजार, दुसरा ठणठणीत. १४ जोड्यांत आजारी भावंडाचा हिप्पोकॅम्पस (मेंदूतला आठवणींशी संबंधित भाग) लहान निघाला. जीन्स सारखेच, मग फरक आला कुठून? एक संशय बाळंतपणावर, कारण ऑक्सिजन कमी पडला की हिप्पोकॅम्पसला लवकर झळ लागते. पुढे हेलसिंकीच्या अभ्यासात दिसलं की जन्मावेळी ऑक्सिजन कमी पडलेल्यांत मेंदूतलं ग्रे मॅटर (चेतापेशींचा करडा भाग) कमी होतं, पण ते रुग्णांत आणि त्यांच्या सख्ख्या भावंडांत, ज्यांच्या घरात हा आजार नाही त्यांच्यात नाही. म्हणजे आनुवंशिक कल आधीपासून असावा लागतो, नुसतं गुदमरून भागत नाही.

आणि सिझरचं म्हणाल तर २००२ साली मेरी कॅनन वगैरे संशोधकांनी जुने अभ्यास एकत्र करून पाहिले, त्यात धोका वाढवणाऱ्या गोष्टींत गरोदरपणातला रक्तस्राव, डायबेटिस, कमी वजन यांच्याबरोबर इमर्जन्सी सिझरही आहे! सिझरमुळे होतं असं नाही हां, बाळ आधीच अडचणीत असतं म्हणून तर ते करतात. तेव्हा 'सिझर केलं असतं तर' या वाक्याला काही आधार नाही.

आकडा पण सांगा त्यांना. एरवी हा आजार साधारण शंभरात एकाला होतो, अवघड बाळंतपणात धोका दुप्पट धरला तरी शंभरात दोन, म्हणजे अशा शंभरातली बाकीची ९८ मुलं यातून सुटतात.

गप्पिष्ट:
मग एमआरआयवरून निदान होतं का?

मेंदूवाला:
नाही. किंचित मोठे व्हेंट्रिकल्स धडधाकट माणसांतही सापडतात. सुरुवातीला स्कॅन काढतात तो गाठ वगैरे दुसरं काही नाही ना हे बघायला.

रेवाची_आई:
सायली, माझ्या मुलीला हाच आजार आहे. मीही गरोदरपणातलं सगळं उकरून काढायचे, काय खाल्लं, कुठे पडले, कुणाचं ऐकलं नाही. घरचे 'तुझी चूक नाही' म्हणायचे त्याचा काडीचा उपयोग झाला नाही, डॉक्टरांनी दहा मिनिटं बसवून समजावलं तेव्हा कुठे जरा डोकं शांत झालं. पुढच्या व्हिजिटला आईला बरोबर ने.

सायली_म:
नेते. त्याच्या जन्माच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड आहे, दाखवू का?

मेंदूवाला:
दाखवा, हिस्टरीत नोंद होईल. औषधं त्याने बदलणार नाहीत. गोळ्या मात्र बरं वाटतंय म्हणून परस्पर बंद करू नका, भावालाही करू देऊ नका.