पोलीस भरतीची तयारी, क्रिएटिन आणि अहवालातले १.४ क्रिएटिनिन

तापीकाठ (प्रश्न)

मी चोपडा तालुक्यातला असून दीड वर्षापासून पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीची तयारी करत आहे. घर माळकरी असल्यामुळे मांस, मासे, अंडी यांपैकी काहीच घरात येत नाही. कळण्याची भाकरी, उडदाची डाळ, दूध आणि शेंगदाणे हाच माझा खुराक. अकादमीतल्या एका जुन्या मुलाच्या सांगण्यावरून दोन महिन्यांपासून रोज ५ ग्रॅम क्रिएटिन मोनोहायड्रेट ही ताकदीची पावडर घेतो. गोळा पूर्वीपेक्षा लांब जातो, पण वजनही दीड किलोने वाढले आहे. मागच्या आठवड्यात सहज म्हणून रक्त तपासले, तर क्रिएटिनिन १.४ आले आणि त्या आकड्यापुढे ठळक ‘एच’ (म्हणजे प्रमाणापेक्षा जास्त) छापलेला होता. लॅबमधल्या माणसाने किडनीवर ताण असल्याचे सांगितल्यापासून आईने डबा धान्याच्या कोठीमागे लपवून ठेवला आहे. खरोखरच किडनी बिघडत आहे का? आणि १६०० मीटरसाठी, त्यातही आपल्याकडच्या ४४-४५ अंशांच्या उन्हात, हे घेणे योग्य आहे का?

धुळेकर डॉक्टर

भाऊ, क्रिएटिन आणि क्रिएटिनिन या दोन नावांतच घोटाळ्याचे मूळ आहे. क्रिएटिन हा शरीराचा स्वतःचा पदार्थ असून यकृत आणि मूत्रपिंडे तो तीन अमिनो आम्लांपासून रोज सुमारे १ ग्रॅम तयार करतात. त्याचा ९५ टक्के साठा स्नायूंत असतो. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ शेव्हरल यांना तो १८३२ मध्ये मांसाच्या अर्कात सापडला आणि मांसासाठीच्या ग्रीक शब्दावरूनच त्याला हे नाव मिळाले. या साठ्यातला एक ते दोन टक्के भाग रोज आपोआप क्रिएटिनिनमध्ये बदलतो आणि लघवीवाटे बाहेर जातो. साठा वाढला की हा टाकाऊ भागही थोडा वाढतो, म्हणजेच गाळणी शाबूत असूनही रक्तातला आकडा वर सरकू शकतो. अहवालातला ईजीएफआर हा मूत्रपिंडे रक्त किती वेगाने गाळतात याचा, वय, लिंग आणि क्रिएटिनिन यांवरून सूत्राने काढलेला अंदाज असल्यामुळे त्यालाही हीच चूक चिकटते. चाचणीच्या आदल्या दिवशी कसून व्यायाम झाला असेल, तरीही आकडा वाढतो.

निरोगी माणसांवर झालेल्या अभ्यासांत नेहमीच्या मात्रेने मूत्रपिंडांना इजा झाल्याचे दिसलेले नाही. तथापि १.४ हा आकडा पावडरीमुळेच आला आहे, असे मी इथे बसून सांगणार नाही. तुमची मूत्रपिंडे मुळातच कशी आहेत, हे कोणी तपासलेलेच नाही. त्यामुळे सध्या डबा कोठीमागेच राहू द्या. चार-सहा आठवडे क्रिएटिन बंद ठेवून, आदले दोन दिवस मैदानावर न जाता पुन्हा रक्त द्या. सोबत लघवीतील अल्ब्युमिन (प्रथिन) आणि शक्य असल्यास सिस्टॅटिन सी ही मूत्रपिंडांचे काम जोखणारी रक्तचाचणी करा, कारण ती क्रिएटिनच्या साठ्यावर अवलंबून नसते. रक्तदाब मोजून घ्या, घरात कोणाला मूत्रपिंडाचा आजार असल्यास तेही सांगा आणि अंगदुखीसाठी परस्पर वेदनाशामक गोळ्या घेत असाल तर त्या आधी थांबवा. मला पावडरीपेक्षा त्या गोळ्यांची जास्त धास्ती वाटते.

गोळा ७.२६

मैदानाचा हिशेब मी मांडतो. ५० गुणांपैकी १६०० मीटरला २०, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५ गुण आहेत. पूर्ण जोराच्या हालचालीत स्नायूंतला एटीपी, म्हणजे त्यांचे तयार इंधन, काही सेकंदांत खर्ची पडतो आणि फॉस्फोक्रिएटिन (फॉस्फेट जोडलेले क्रिएटिन) स्वतःचा फॉस्फेट देऊन तो पुन्हा उभा करते; ही सोय साधारण दहा सेकंद मुख्य भार उचलते. त्यामुळे गोळा, जोरबैठका, वजने आणि पुन्हा पुन्हा मारलेल्या छोट्या धावा यांत क्रिएटिनचा फायदा होतो. पाच-सहा मिनिटांची १६०० मीटर धाव मात्र मुख्यतः दमावर चालते. तिथे थेट लाभ फारसा नाही, उलट स्नायूंत धरलेल्या पाण्याचे एक-दोन किलो चारही फेऱ्या अंगावर वाहावे लागतात. ज्याचे १६०० मध्येच गुण जातात, त्याने हा डबा विकत घेण्याआधी दम वाढवावा, असे माझे स्पष्ट मत आहे.

तुमचा गोळा सुधारला यात नवल नाही. शाकाहारी माणसाच्या स्नायूंतला साठा मुळात कमी असल्यामुळे त्याला फरक अधिक जाणवतो. एक किलो कच्च्या मांसातही जेमतेम ४-५ ग्रॅम क्रिएटिन असते. डाळ-भाकरीत ते जवळजवळ नसतेच. पेटके किंवा उष्माघात क्रिएटिनमुळे वाढतो, असे अभ्यासांत आढळलेले नाही; पण एप्रिल-मेमध्ये सकाळी आठनंतर मैदानावर थांबणे हा वेडेपणा आहे, मग पावडर घ्या अथवा न घ्या.

केळीबाग

केस गळतात त्याचे काय? आमच्या जिममध्ये सगळे तेच सांगतात.

धुळेकर डॉक्टर

ती चर्चा २००९ मधील एका छोट्या अभ्यासावरून सुरू झाली. त्यात रग्बी खेळाडूंच्या रक्तातील डीएचटी हे केसगळतीशी जोडले जाणारे संप्रेरक वाढलेले दिसले होते. केस मात्र कोणी मोजलेच नव्हते.

तापीकाठ

डॉक्टरसाहेब, वेदनाशामक गोळ्यांचा अंदाज खरा निघाला. नडगी दुखते म्हणून महिनाभरापासून आठवड्यातून तीन-चार वेळा घेत होतो. आजपासून त्या आणि क्रिएटिन दोन्ही बंद केले आहे. भरतीपूर्वी पुन्हा सुरू करायचे ठरल्यास पहिल्या आठवड्यात रोज २० ग्रॅम घ्यावे लागतील का?

गोळा ७.२६

गरज नाही. २० ग्रॅमने आठवड्यात जो साठा होतो, तोच रोज ३ ग्रॅमने सुमारे चार आठवड्यांत होतो, आणि पोटही बिघडत नाही. मात्र आधी डॉक्टरांनी सांगितलेला दुसरा अहवाल हातात येऊ द्या.