एआयचं पुढे काय होणार विचारताय? आधी १९२८ बघा

काळाचौकीकर:
ऑफिस लोअर परळला, जुन्या गिरणीच्याच कंपाउंडमध्ये. परवा मीटिंगमध्ये सांगितलं की एआय टूल आलंय तर आता प्रत्येकाने दोन क्लायंटऐवजी तीन सांभाळायचे, पगार आहे तोच. सगळे माना डोलावतायत आणि माझ्या डोक्यात १९२८चा गिरणी संप. तेव्हाही मालकांनी हेच काढलं होतं, विणकराने दोन साच्यांऐवजी (साचा म्हणजे कापडाचा माग) तीन साचे बघायचे, नाव काय तर रॅशनलायझेशन! एप्रिल ते ऑक्टोबर गिरण्या बंद, लाख-दीड लाख माणूस बाहेर. भांडण साच्याशी नव्हतंच, एका माणसामागे किती साचे आणि वाचलेला पैसा कोणाच्या खिशात यावर होतं. एआयबद्दल हा प्रश्न कोणी विचारतच नाही, सगळे आपले रोबो येणार रोबो येणार.

बोरिवली स्लो:
ओढूनताणून आणलंय राव. साचा तुमची चूक बघून शिकत नव्हता, हे शिकतं. आणि इतिहासाचं कसंय, ज्याला घाबरवायचंय तो गिरण्या काढतो, ज्याला धीर द्यायचाय तो बँका काढतो. बँकांत कॉम्प्युटर आले ते १९८३मध्ये युनियनशी करार करून, किती आरडाओरडा झाला होता, पण माझी आई त्याच बँकेतून नीट रिटायर झाली. शिवाय स्पीड बघा ना, ताडदेवला पहिली गिरणी १८५६ला सुरू झाली आणि धंदा बुडायला सव्वाशे वर्षं लागली, चॅटजीपीटी २०२२च्या नोव्हेंबरात आलं आणि आज तुमच्या मीटिंगमध्ये आहे.

काळाचौकीकर:
बँकेचं उदाहरण तर माझ्याच बाजूचं झालं की, आधी करार मग मशीन. आणि "शिकतं" म्हणून वेगळं म्हणताय, तर विजेच्या दिव्याला कुठली अक्कल होती? आधी अंधार पडला की गिरणी सुटायची. १९०५च्या आसपास गिरण्यांत वीज आली आणि कामाचा दिवस चौदा-पंधरा तासांवर गेला. पुरुषांना १२ तासांची मर्यादा घालणारा कायदा आला १९११ला. म्हणजे दिवा लगेच, कायदा सावकाश. स्पीडबद्दल तुम्ही म्हणता ते खरंय, पण मग ते जास्तच वाईट नाही का?

साचेवाल्याची नात:
दोघांनाही एक सांगू का, १९२८चं कौतुक करताना पुढचं पण सांगा. १९२९ला परत संप केला तो फसला. १९८२ला १८ जानेवारीला पुन्हा संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार, तो तर रीतसर मिटलाच नाही, काम भिवंडीच्या पॉवरलूमवर गेलं आणि आमच्या आजोबांच्या गिरणीवर टॉवर उभे राहिले. एआयचं काम तर भिवंडीलाही जायला नको, एका क्लिकवर कुठेही जाईल. त्यामुळे मला साचे नाही, बदलीवाले आठवतात, गैरहजर माणसाच्या जागी रोजच्या रोज घेतले जाणारे. सकाळी गेटवर उभं राहायचं, जॉबरने, म्हणजे मुकादमाने, बोट दाखवलं तर आत, नाही तर घरी. मी सबटायटल करते, आधी मिनिटामागे रेट होता, आता मशीन करतं आणि मला म्हणतात तुम्ही "फक्त चेक करा", रेट निम्मा. चेक करायला पूर्ण एपिसोड कान लावून ऐकावाच लागतो, वेळ तेवढाच जातो! मी कोणाशी करार करू? माझी युनियन कुठेय?

बोरिवली स्लो:
ताई, हा मुद्दा पटला. पण मग १९२८ घेऊन करायचं काय? कायमची नोकरीवाली माणसं तरी काय मागणार?

काळाचौकीकर:
ताईंच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, बदलीवाल्यांना तेव्हाही सगळ्यात शेवटी धरायचे. आम्ही सहा जणांनी मिळून एक मेल टाकलाय, तिसऱ्या क्लायंटचे तास कुठे धरणार आणि टूलने चूक केली तर अप्रेझल कोणाचं कापणार, हे लिहून द्या.

बोरिवली स्लो:
मग?

काळाचौकीकर:
एचआरचं उत्तर आलं, "नोटेड".