लहान आहेत, विसरतील?
घरात आईला मारहाण होताना पोरं बघतात, त्यावर "पोरं लहान आहेत, विसरतील" असं इथं एकांनी लिहिलंय. मला पटत नाही. तान्हं बाळसुद्धा आरडाओरड्यानं दचकतं. रोजच तसं असेल तर शरीर कायम सावध राहतं, झोप मोडते, शाळेत लक्ष लागत नाही. कुणी मोठेपणीही अंथरूण ओलं करतं, कुणी हात उगारतं. आणि आपण म्हणणार, 'पोरगं लई वांड हाय!' एक तरी भरवशाचं माणूस, आजी, मावशी, शाळेतल्या बाई, जवळ असलं तर मात्र बरंच सावरतात.

शाहू महाराजांनी १९१९ मध्येच कोल्हापुरात बायकांच्या छळाविरुद्ध कायदा केला होता. आमच्या गल्लीत अजून "घरचा मामला" म्हणून खिडक्या लावतात. २००५ च्या घरगुती हिंसाचारविरोधी कायद्यातल्या कलम २१ नुसार आईला मुलांचा तात्पुरता ताबा मागता येतो. मुलांसाठीच्या १०९८ या हेल्पलाइनवर शेजाऱ्यांनीही फोन केला तरी चालतो.