मदत हवी आहे : पावसाचा आयतालेख, असमान वर्ग आणि कोरडे दिवस

नमस्कार. सोलापुरात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाच्या काही मुलांची मी संख्याशास्त्राची शिकवणी घेतो. गुणांच्या आणि उंचीच्या ठरावीक सारण्यांवर आलेख काढण्यात त्यांचा हात बसला आहे, म्हणून आता जून ते सप्टेंबर या १२२ दिवसांच्या दैनिक पावसावर सराव द्यावा असे ठरवले आहे. आपला जिल्हा पर्जन्यछायेतला असल्याने हा विषय कोणाला समजावून सांगावा लागत नाही. अडचण आहे ती आयतालेखाची, म्हणजे प्रत्येक वर्गावर एक स्तंभ असे एकमेकांना जोडून काढलेल्या आलेखाची.

दहा-दहा मिलिमीटरचे समान वर्ग घेतले, तर पहिला स्तंभ आलेख कागदाच्या माथ्याला टेकतो आणि उरलेले जमिनीलगत राहतात. त्यामुळे भारतीय हवामान विभागाची वर्गवारी घ्यावी असे मला वाटते : २.५ ते १५.५ मिमी हलका, १५.६ ते ६४.४ मध्यम, ६४.५ ते ११५.५ जोरदार. नोंदी एका दशांश स्थळापर्यंत असल्याने वर्ग सलग करताना सीमा २.४५, १५.५५, ६४.४५ आणि ११५.५५ अशा होतात. मात्र येथे वर्गांतरे, म्हणजे वर्गांच्या रुंदी, फारच असमान आहेत.

सरावासाठी मी मांडलेली काल्पनिक सारणी अशी : २.५ मिमीपेक्षा कमी पावसाचे ८१ दिवस, हलक्याचे २६, मध्यमचे १४ आणि जोरदारचा १. स्तंभांची उंची थेट वारंवारतेइतकी (त्या वर्गातल्या दिवसांच्या संख्येइतकी) ठेवली, तर मध्यम पावसाच्या स्तंभाचे क्षेत्रफळ हलक्याच्या सुमारे दुप्पट दिसते, जरी दिवस जवळपास निम्मेच आहेत. वारंवारतेला वर्गांतराने भागल्यास २६ ÷ १३.१ म्हणजे सुमारे १.९८ आणि १४ ÷ ४८.९ म्हणजे सुमारे ०.२९ मिळतात, आणि चित्र खरे होते. हे मला पटते. पण य-अक्षावर ‘दिवस प्रति मिलिमीटर’ लिहिले की मुले गोंधळतात, कारण उंची म्हणजेच वारंवारता हे त्यांच्या मनात शाळेपासून पक्के बसलेले आहे. हे आपण कसे समजावता?

दुसरी शंका वारंवारता बहुभुजाची, म्हणजे स्तंभांच्या माथ्यांचे मध्यबिंदू जोडून होणाऱ्या आकृतीची आहे. बहुभुज बंद करण्यासाठी पहिल्या वर्गाच्या आधी शून्य वारंवारतेचा एक काल्पनिक वर्ग घ्यायचा, असे आपण शिकवतो. पण येथे तो वर्ग ऋण पावसाचा होतो! अशा ठिकाणी बहुभुज सोडून संचयी वारंवारता वक्रच (प्रत्येक सीमेपर्यंतच्या दिवसांची बेरीज दाखवणारा) काढून घ्यावा का? त्यात वर्ग असमान असले तरी बिंदू वरच्या वर्गसीमेवरच येतात.

तिसरी शंका मला सर्वांत महत्त्वाची वाटते. वरच्या ८१ दिवसांपैकी समजा ७० दिवस पूर्ण कोरडे आहेत. वर्गांच्या सारणीवरून काढायच्या सूत्राने मध्यक (नोंदी चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारे मूल्य) सुमारे १.८ मिमी येतो, कारण ते सूत्र वर्गातली निरीक्षणे समान विखुरलेली आहेत असे धरून चालते. प्रत्यक्षात मात्र १२२ पैकी निम्म्याहून अधिक नोंदी शून्य असल्याने मध्यक शून्यच आहे. मग कोरडे दिवस आलेखाबाहेर काढून त्यांची संख्या शेजारी वेगळी लिहावी आणि आयतालेख फक्त पाऊस पडलेल्या दिवसांचा काढावा, की शून्याचा स्वतंत्र स्तंभ थोडे अंतर सोडून दाखवावा? माझा कल पहिल्या मार्गाकडे आहे, परंतु परीक्षेत तो ग्राह्य धरला जाईल का, हे उत्तरपत्रिका तपासण्याचा अनुभव असलेल्यांनी कृपया सांगावे.