परदेशात फिरायला जाताना प्रत्येक दिवस आधीच बुक करून ठेवायचा का?

मोकळीवाट:
परदेशी ट्रिप ठरली की एक्सेल शीट उघडायची, सकाळी सातपासून रात्री दहापर्यंतचे रकाने भरायचे आणि हॉटेल, ट्रेन, तिकिटं सगळं चार-पाच महिने आधी बुक करून मोकळं व्हायचं, असा सल्ला हल्ली जो तो देतोय. मला तो अजिबात पटत नाही. विमान पक्कं करा, पहिल्या दोन-तीन रात्री पक्क्या करा, बाकी जमेल तेवढं मोकळं ठेवा. स्वित्झर्लंडमधलं युंगफ्राउयोख घ्या. 3454 मीटरवरचं रेल्वे स्टेशन, खाली लख्ख ऊन असलं तरी वर ढगात हात दिसत नाही अशी परिस्थिती असू शकते, तिकीट चांगलंच महाग, आणि तुम्ही मात्र कधीतरी घरी बसून त्याची तारीख ठरवून टाकलेली. त्यापेक्षा त्या भागात तीन रात्री राहा, सकाळी उठल्या उठल्या वरचा वेबकॅम बघा, शिखर दिसत असेल तर निघा, नाहीतर तो दिवस खाली दरीत धबधबे बघत घालवा. वेबकॅम फुकट आहे, कोणीही बघू शकतं, पण तारीख आधीच बांधलेली असेल तर तो बघून काय उपयोग?

रेघोटी:
डोंगराचं ठीक आहे हो, पण सगळी ट्रिप डोंगरातच असते का? मिलानला लिओनार्दोचं 'लास्ट सपर' हे भिंतीवरचं चित्र बघायचं तर ठरलेल्या वेळी थोड्याच लोकांना आत सोडतात, 15 मिनिटं झाली की बाहेर. आयत्या वेळी तिकडे जाऊन उभं राहिलात तर तिकीट मिळायची शक्यता फार कमी. अॅमस्टरडॅममधलं अॅन फ्रँकचं घर, तिकिटं फक्त ऑनलाइन, दर मंगळवारी सहा आठवड्यांनंतरची खुली होतात आणि भराभर संपतात. स्पेनमध्ये ग्रॅनडाच्या अल्हम्ब्रा किल्ल्यात तर आतल्या नासरिद महालात शिरायची वेळ तिकिटावरच छापलेली असते, ती चुकली की तो भाग गेला. आयुष्यात एकदा जाणाऱ्या माणसाला "मोकळं ठेवा" सांगणं सोपं आहे, पण जे बघायला एवढ्या लांब गेला तेच बंद दाराबाहेरून बघून आला तर त्याची भरपाई कोण करणार?

पायपीट:
शिवाय व्हिसाचं काय? शेंगेनचा, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणाऱ्या व्हिसाचा, अर्ज करताना कुठे राहणार, कधी परतणार, 30,000 युरोचं मेडिकल कव्हर आहे का, हे सगळं दाखवावं लागतं. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, निर्णयाला एरवी 15 दिवस लागतात पण 45 पर्यंतही लांबू शकतो, आणि अपॉइंटमेंट मिळायला लागणारा वेळ वेगळाच. मोकळं ठेवून अर्ज भरणार कसा?

मोकळीवाट:
फ्री कॅन्सलेशनवाली हॉटेलं त्यासाठीच असतात ना. व्हिसापुरती बुकिंग दाखवा, मिळाला की हवी तशी बदला. कित्येक जण करतात.

पायपीट:
करतात, आणि मला तेच धोक्याचं वाटतं. एका देशातच दोन गावांत रात्री इकडच्या तिकडे केल्या तर बिघडत नाही. पण नियम असा आहे की ज्या देशात सगळ्यात जास्त दिवस राहणार त्याच्याकडेच अर्ज करायचा, दिवस सारखे असतील तर जिथून आत शिरणार त्याच्याकडे. आता फ्रान्सच्या व्हिसावर गेलात आणि फ्रान्समधली बुकिंगं रद्द करून सगळे दिवस इटलीत काढलेत, तर सीमेवर प्रश्न विचारले गेले की उत्तर काय देणार? पुढच्या अर्जालाही ते नडू शकतं. दिवस मोकळे ठेवा पण देशांची वाटणी बदलू नका, एवढं तरी लोकांना स्पष्ट सांगत जा प्लीज.

सावकाश_चला:
मी आईवडिलांना घेऊन जाते म्हणून माझं मत रेघोटीच्या बाजूनं. सत्तरीच्या माणसांना संध्याकाळी सहा वाजता नव्या शहरात बॅगा ओढत हॉटेल शोधायला लावणं बरोबर नाही. लिफ्ट आहे का, अंघोळीला टबच्या काठावरून पाय टाकावा लागतो का, स्टेशनपासून चढ आहे का, हे सगळं निवांत फोटो बघून, हॉटेलला मेल करून आधीच विचारावं लागतं. जुन्या युरोपियन इमारतींत लिफ्ट असली तरी अर्धा मजला चढून मग लिफ्ट, असं बऱ्याचदा असतं. पण दिवसाचे कार्यक्रम मात्र मी एकच ठेवते, सकाळचा. दुपारनंतर काहीही बुक नाही.

रुळांवरून:
देश कोणता ते न बघता भांडण चाललंय. स्वित्झर्लंडमध्ये साध्या गाड्यांना रिझर्व्हेशन लागत नाही, एक गेली तर पुढची, तिथे मोकळीवाट म्हणतात तसं खरंच जमतं. फ्रान्समध्ये टीजीव्हीला, म्हणजे तिथल्या वेगवान गाडीला, सीट रिझर्व्ह असावीच लागते आणि जसजशी तारीख जवळ येते तसं भाडं वाढत जातं, तिथे मोकळं राहायची किंमत मोजावी लागते. जपानमध्ये शिंकान्सेनच्या, म्हणजे बुलेट ट्रेनच्या, बऱ्याच गाड्यांना बिनरिझर्व्हेशनचे डबे असतात, पण त्यातली नोझोमी गाडी गोल्डन वीक, ओबोन या तिथल्या सुट्ट्यांच्या आणि नववर्षाच्या गर्दीत पूर्ण रिझर्व्ह्ड असते. आणि अजून एक, जपानचा रेल पास डोळे झाकून घेऊ नका. ऑक्टोबर 2023 मध्ये सात दिवसांचा साधा पास 29,650 वरून 50,000 येन झाला, आता तोक्यो-क्योतो जाऊन-येऊनसुद्धा पासचे पैसे वसूल होत नाहीत. सुटी तिकिटं जोडून बघा मगच ठरवा.

मोकळीवाट:
अल्हम्ब्रा, लास्ट सपर यांची तिकिटं आधी काढा, याला माझा विरोध नाहीच. माझा राग आहे तो सकाळी म्युझियम, दुपारी किल्ला, चारला बोट, सातला टॉवर अशा दिवसांवर. लोक पॅरिसच्या लूव्र म्युझियममध्ये घड्याळ बघत पळतात हो! मोनालिसाचा फोटो काढला की बाहेर, कारण पुढचं तिकीट अडीचचं आहे. आठ-दहा तासांचा प्रवास करून, शरीर अजून जुन्याच वेळेवर असताना, ही फरफट कशासाठी? दिवसाला वेळ ठरलेलं एकच तिकीट, त्याच्या वर दुसरं नको.

रेघोटी:
एकच तिकीट हे तुमच्याकडे महिना असेल तर. नऊ दिवसांची रजा मोठ्या मुश्किलीने मिळालेल्या माणसाने काय करायचं? आणि तिथे गेल्यावर रोज रात्री मोबाइल घेऊन "उद्या काय" करत बसायचं, त्यात घरातल्या चौघांची चार मतं, यातही वेळ जातोच की. आधी ठरवलेलं असलं की रात्री शांत झोप लागते.

पायपीट:
नऊ दिवस असतील तर शहरं कमी करा. हॉटेल बदलायचं म्हणजे चेकआउट, स्टेशन, प्रवास, पुन्हा चेकइनची वाट, यात सरळ अर्धा दिवस जातो. पाच शहरं केली तर दोन दिवस बॅगांनीच खाल्ले.

रेघोटी:
हे मान्य. आणि मोकळा वेळ ठेवायचाच असेल तर तो परतीच्या बाजूला ठेवा. विमान ज्या शहरातून आहे तिथे आदल्या दिवशी दुपारपर्यंत पोचा. आणि स्वस्त पडतात म्हणून दोन वेगवेगळी तिकिटं काढून मध्ये दोन तासांचं अंतर ठेवणाऱ्यांनी तर आधी हे वाचा, पहिलं विमान लेट झालं तर दुसरी कंपनी तुमच्यासाठी थांबत नाही, नवं तिकीट स्वतःच्या खिशातून. बॅगाही बहुतेक वेळा स्वतः घेऊन पुन्हा चेकइन कराव्या लागतात, त्यासाठी इमिग्रेशनमधून बाहेर यावं लागलं तर त्या मधल्या देशाचा व्हिसा लागतो का तेसुद्धा तिकीट काढायच्या आधीच बघा.