रविवारच्या गोल्फमध्ये थोडा बदल करण्याविषयी

बी-७०२:
सर्वांना नमस्कार. गेल्या रविवारी आपल्या सोसायटीच्या गोल्फ ग्रुपमधल्या बाराजणांपैकी आठच जण येरवड्याच्या गोल्फ मैदानावर आले. जे येईनासे झाले आहेत त्यांच्यापैकी तिघांशी मी सवडीने बोललो. दर आठवड्याला अठराही होलचे फटके मोजायचे आणि एका होलवर घात झाला की उरलेले तीन तास नुसते चालत राहायचे, याचा कंटाळा आला, असे तिघांनीही सांगितले. डी विंगच्या ताईंचे तर मी जवळून पाहिले. एका होलवर त्यांचे दोन बॉल ओळीने पाण्यात गेले, कार्डावर अकरा लिहावे लागले आणि त्यानंतर त्यांनी ते कार्ड खिशातून काढलेच नाही. पुढे बाराव्या होलवर त्यांनी वीसेक फुटांवरून सुरेख पट (बॉल हळुवार ढकलून होलमध्ये घालण्याचा फटका) घातला, पण तोवर तो लिहून घेण्यात त्यांना काही अर्थ वाटत नव्हता. हे मला मनापासून खटकले. म्हणून दर रविवारी स्ट्रोक प्ले, म्हणजे सगळ्या फटक्यांची बेरीज करण्याचा प्रकार, न खेळता आपण खेळाचा प्रकार बदलत जावा, असे मी सुचवतो.

डी-१२०४:
माझ्याविषयी लिहिलेत ते खरे आहे. मी येणे थांबवायच्याच विचारात होते. पण नवा प्रकार घेतला तरी आठ हँडिकॅपवाले (म्हणजे आठ फटक्यांची सूट मिळणारे) आणि माझ्यासारखे अठ्ठावीसवाले एकत्र खेळणार कसे, हे आधी नीट समजावून सांगावे.

बी-७०२:
ताई, त्यासाठीच पहिला मान स्टेबलफर्डला द्यावा असे वाटते. इंग्लंडमधल्या वॉलसी क्लबचे डॉ. फ्रँक स्टेबलफर्ड यांनी ही पद्धत बसवली आणि १९३२ साली त्या क्लबवर तिची स्पर्धा झाली. सुरुवातीच्या दोन-चार होलवर डाव बिघडला की लोक हिरमुसून खेळ सोडतात, हे पाहूनच त्यांनी ती काढली. यात फटक्यांची बेरीज न करता प्रत्येक होलचे गुण मोजतात. हँडिकॅपचे फटके वजा केल्यावर पार (त्या होलसाठी ठरलेले फटके) आला तर २ गुण, बोगीला (पारपेक्षा एक जास्त) १, बर्डीला (एक कमी) ३, ईगलला (दोन कमी) ४ आणि डबल बोगी (दोन जास्त) किंवा त्याहून वाईट झाल्यास शून्य. तुमच्या अठ्ठावीसचे ९५ टक्के म्हणजे जवळपास २७ फटके तुम्हाला मिळतील. त्यांपैकी प्रत्येक होलवर एक असेल आणि सर्वांत अवघड नऊ होलवर दोन-दोन. अशा अवघड चार पारच्या होलवर तुम्ही सहा फटके घेतलेत तरी तो नेट पार धरून २ गुण मिळतात. सातात संपवलेत तर १ गुण मिळतो, आणि सातातही बॉल आत गेला नाही तर तो उचलून सरळ पुढच्या टीवर (होलच्या सुरुवातीच्या जागेवर) जायचे. अकरा फटक्यांचा होल आणि आठ फटक्यांचा होल यांत मग काही फरकच उरत नाही, आणि मागून येणाऱ्या गटालाही खोळंबून राहावे लागत नाही.

ए-४०३:
प्रस्ताव चांगला आहे, पण प्रत्येक फटका मोजणे हीच गोल्फची खरी कसोटी आहे, असे मी चाळीस वर्षे मानत आलो आहे. शिवाय आमच्यापैकी काहीजण हँडिकॅप कमी करण्यासाठी झटत आहेत. त्यांच्या नोंदींचे काय होणार?

बी-७०२:
काका, तुमचा मुद्दा रास्त आहे, म्हणून महिन्याचा चौथा रविवार पूर्वीसारखाच स्ट्रोक प्लेसाठी राखून ठेवू. वैयक्तिक स्टेबलफर्डचा स्कोअरही हँडिकॅपसाठी धरला जातो. तिथेही एका होलवर नेट डबल बोगीपेक्षा जास्त फटके मोजत नाहीत, त्यामुळे बॉल उचलल्याने नोंद बिघडत नाही. फोरसम्स (जोडीने खेळायचा प्रकार) आणि स्क्रॅम्बल (चौघांच्या संघाने खेळायचा प्रकार) यांचे स्कोअर मात्र धरले जात नाहीत. त्या प्रकारांचे दोन रविवार केवळ सोबतीने खेळण्याचे समजावेत.
त्यातही फोरसम्स आपण अजून एकदाही खेळलो नाही, याची मला खंत वाटते. दोघांच्या जोडीत एकच बॉल असतो आणि तो दोघांनी आळीपाळीने मारायचा. एकाने विषम होलवर टी ऑफ करायचे (पहिला फटका मारायचा), दुसऱ्याने सम होलवर. दोघांच्या हँडिकॅपची बेरीज करून निम्मे फटके मिळतात, म्हणजे दहा आणि अठ्ठावीस यांच्या जोडीला एकोणीस. अमेरिका-युरोपमधल्या रायडर कपमध्ये हा प्रकार आपण टीव्हीवर दरवेळी मन लावून पाहतो. जोडीदाराने झाडीत घातलेला बॉल आपण बाहेर काढायचा आणि आपण चुकवलेला पट त्याने घालायचा, यातून माणसे एकमेकांच्या जितकी जवळ येतात तितकी शेजारी शेजारी चालूनही येत नाहीत.

सी-३०५:
स्क्रॅम्बलमध्ये सगळे ड्राइव्ह (टीवरून मारलेले लांब फटके) एकाच दणकट माणसाचे वापरले जातात आणि बाकीचे प्रेक्षक होतात, असा माझा अनुभव आहे. दुसरे म्हणजे, स्किन्ससारखा पैसे लावून खेळायचा प्रकार सोसायटीच्या ग्रुपमध्ये नसावा, ही नम्र विनंती.

बी-७०२:
पैसे लावायचे नाहीत, याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. स्क्रॅम्बलमध्ये चौघेही फटका मारतात, त्यांतला सर्वांत चांगला निवडतात आणि पुढचा फटका सगळे तिथूनच मारतात. म्हणून प्रत्येकाचे किमान तीन ड्राइव्ह वापरलेच पाहिजेत, असा नियम आपण घालू. तिसरा ड्राइव्ह शिल्लक असलेल्या नवख्या खेळाडूकडे सतराव्या होलवर सगळा संघ आशेने पाहतो, तेव्हा त्याचे महत्त्व त्यालाही कळते. संघाचा हँडिकॅप काढताना सर्वांत कमी हँडिकॅपवाल्याचे २५ टक्के, मग अनुक्रमे २०, १५ आणि १० टक्के घेऊन बेरीज करायची.

डी-१२०४:
पाचवा रविवार आला तर बिंगो बँगो बाँगो खेळू या. ग्रीनवर (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीवर) पहिला पोहोचणाऱ्याला एक गुण, सगळे पोहोचल्यावर झेंड्याच्या सर्वांत जवळ असणाऱ्याला एक आणि बॉल पहिल्यांदा होलमध्ये घालणाऱ्याला एक. बहिणीकडे बंगळूरला मी हा प्रकार खेळले होते. जो झेंड्यापासून लांब आहे त्याने आधी मारायचे असल्यामुळे, आमच्यासारख्या कमी अंतर मारणाऱ्यांनाही ग्रीन आधी गाठता येते. फक्त क्रम काटेकोर पाळावा लागतो, नाहीतर गुणांना अर्थ राहत नाही.

ए-४०३:
मान्य. फोरसम्ससाठी ताईंचा जोडीदार व्हायला मी तयार आहे.

बी-७०२:
आभारी आहे, काका. येत्या रविवारी स्टेबलफर्डने सुरुवात करू. प्रत्येकाला कोणत्या होलवर किती फटके मिळतात, ते कार्डावर आधीच टिंबांनी लिहून मी आणीन. साडेसहाच्या टी ऑफसाठी शुक्रवारी रात्रीपर्यंत सर्वांनी येथे नाव कळवावे, म्हणजे शनिवारी गट पाडता येतील.