मदत हवी आहे: अमेरिकेत पीएचडी, टाइप १ डायबेटिस आणि विद्यापीठाचा विमा

नमस्कार मंडळी,

माझ्या लेकीला अमेरिकेतल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीतून रसायनशास्त्रात पीएचडीची ऑफर आली आहे. १५ एप्रिलपर्यंत होकार-नकार कळवायचा आहे. आनंद आहेच, पण तिला शाळेत असल्यापासून टाइप १ डायबेटिस आहे. त्यामुळे आमच्या घरी स्टायपेंडपेक्षा ऑफर लेटरमधल्या विम्याच्या एका ओळीवरच जास्त चर्चा चालू आहे.

आतापर्यंत कळलं ते असं. ट्यूशन पूर्ण माफ. आठवड्याला २० तास टीचिंग असिस्टंटचं काम आणि त्याचा नऊ महिने स्टायपेंड. उन्हाळ्यातलं गाइडकडे फंडिंग असेल त्यावर. शिवाय 'फीज' म्हणून जे वेगळं असतं ते ट्यूशन माफीत येत नाही, ते स्टायपेंडमधूनच भरायचं. एफ-१ म्हणजे विद्यार्थी व्हिसावर सेमिस्टर चालू असताना कॅम्पसवर २० तासांच्या वर काम करता येत नाही. म्हणजे पैसे कमी पडले तरी आणखी काही काम धरायची सोय नाही.

विम्याबद्दल पत्रात एवढंच आहे की प्रीमियमचा काही हिस्सा विद्यापीठ भरेल. काही म्हणजे किती? उन्हाळ्यात असिस्टंटशिप नसेल तर विमा चालू राहतो का? दात आणि डोळे वेगळे असं दिसतंय. तिच्या डोळ्यांचा पडदा दरवर्षी तपासावा लागतो, तो खर्च चष्म्याच्या विम्यात धरतात की मुख्य विम्यात?

तिचं रोजचं सांगते म्हणजे अंदाज येईल. जेवणाआधी नोव्होरॅपिड, रात्री ट्रेसिबा, दोन्ही इन्सुलिनची पेन. दंडावर साखर मोजणारा लिब्रेचा सेन्सर, तो १४ दिवस चालतो. शेवटी शेवटी कडा सुटायला लागल्या की ती वरून मायक्रोपोरची चिकटपट्टी लावते आणि मुदत पूर्ण करते, कारण सेन्सर स्वस्त नाही. इथे गल्लीतल्या मेडिकलमध्ये फोन केला की पेन घरपोच येतं. तिथे काय करायचं? कुणाच्या मुलांना असा अनुभव असेल तर कृपया सविस्तर लिहा.

प्रतिसाद:

ताई, अभिनंदन! मी अमेरिकेतच पीएचडी केली, मलाही टाइप १ आहे. सगळ्यात आधी मनातली एक भीती काढून टाका. आधीपासूनचा आजार म्हणून विमा नाकारणं किंवा जास्त प्रीमियम लावणं २०१४ पासून तिथल्या कायद्यात बसत नाही, आणि विद्यापीठांच्या विद्यार्थी विम्यात डायबेटिस धरला जातो. भारतातून घेतलेल्या प्रवास विम्यावर मात्र विसंबू नका. त्यात जुने आजार बहुतेक वगळलेले असतात.

विभागाकडून 'समरी ऑफ बेनिफिट्स' म्हणजे विम्यात काय काय मिळतं त्याचा गोषवारा आणि विमा धरत असलेल्या औषधांची यादी म्हणजे फॉर्म्युलरी मागवा. नोव्होरॅपिड तिथे नोव्होलॉग नावाने मिळतं, यादीत तेच नाव शोधा. बरेच विमे नोव्होलॉग किंवा ह्युमालॉग (तशाच प्रकारचं दुसरं इन्सुलिन) यांपैकी एकच धरतात, मग डॉक्टर इन्सुलिन बदलून देतात. सेन्सर कुठे औषधांत असतो, कुठे उपकरणांत, त्याप्रमाणे आपला वाटा बदलतो. पडद्याची तपासणी साधारणपणे मुख्य विम्यात येते. डिडक्टिबल (विमा पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम) आणि वर्षाला आपल्या खिशातून जास्तीत जास्त किती जाऊ शकतं ती मर्यादा, हे दोन आकडे स्टायपेंडच्या शेजारी मांडून बघा. विद्यापीठ किती प्रीमियम भरतं आणि उन्हाळ्याचं काय, हे विभागाला ईमेलवरच विचारा, उत्तर लेखी मिळू दे.

भारतातलं प्रिस्क्रिप्शन तिथल्या फार्मसीत चालत नाही. पोचल्याबरोबर स्टुडंट हेल्थ सेंटरची अपॉइंटमेंट घ्यायला सांगा. अभ्यासक्रम सुरू व्हायच्या ३० दिवस आधीपर्यंत देशात जाता येतं, पण विमा नेमका कुठल्या तारखेला सुरू होतो ते पाहूनच तिकीट काढा. पहिला पगार हातात यायलाही वेळ लागतो, भाडं-डिपॉझिटचे पैसे जवळ असू द्या.

आणखी एक. एफ-१ वाल्यांना पहिली पाच कॅलेंडर वर्षं सोशल सिक्युरिटी आणि मेडिकेअर (तिथली सरकारी पेन्शन आणि ज्येष्ठांचा आरोग्य विमा) यांची पगारातली ७.६५ टक्के कपात सहसा लागत नाही. चुकून कापली जात असेल तर पेरोलला म्हणजे पगार विभागाला लगेच सांगावं.

धागाकर्तीचं उत्तर:

खूप आभार! नोव्होलॉगचं आम्हाला माहीतच नव्हतं. आज रात्रीच ईमेल पाठवायला सांगते. इन्सुलिन हँडबॅगेतच ठेवायचं आणि डॉक्टरांचं पत्र सोबत घ्यायचं, एवढं ठाऊक आहे. पण इतक्या लांबच्या प्रवासात ते थंड कसं ठेवलंत आणि किती महिन्यांचा साठा नेलात?